राखाडी मनगटाचा स्वेटर

१

चौतीस वर्षं सिटी बस चालवली, पण माझ्या चाकाखाली कधी कोंबडीसुद्धा आली नाही. ही बढाई नाही. बरं, थोडी आहे. पण त्यात माझ्यापेक्षा ब्रेकचा वाटा मोठा आणि ब्रेकपेक्षा नशिबाचा. माणसं रस्त्यात कशी उतरतात हे ज्याने स्टिअरिंगमागून पाहिलंय, त्याचा माणूस शहाणा आहे यावर विश्वास राहत नाही. कुणी फोनवर भांडत उतरतं, कुणी छत्रीशी झटापट करत उतरतं. एक गृहस्थ तर माझ्याकडे बघून छान हसले आणि मग उतरले. मी ब्रेकवर उभा राहिलो तेव्हा ते पलीकडे पोचलेही होते.

आमच्या डेपोत यासाठी हिरव्या पुठ्ठ्याची एक वही आहे. वर छापलंय 'संभाव्य अपघात नोंदवही', पण सगळे तिला 'वाचलो वही' म्हणतात. कुणी चाकाखाली येता येता वाचलं की पाळी संपल्यावर ड्रायव्हरने त्यात लिहायचं. वेळ, जागा, माणसाचं वर्णन, कपडे. कपड्यांवर साहेबांचा भारी जोर. शेवटच्या रकान्यात नेहमी एकच वाक्य: थोडक्यात वाचले. जे वाचत नाहीत त्यांची वही वेगळी, ती साहेबांच्या कपाटात कुलपात असते.

दुपारी चहाबरोबर ही वही वाचणं म्हणजे आमची करमणूक. माझा कंडक्टर, ज्याला सगळे चिमटा म्हणतात, तो नोंदी अशा काही थाटात वाचायचा की ठसका लागावा. तर ऐन उन्हाळ्यात एके दिवशी त्याने वाचलं: "सकाळी दहा वीस. पत्रपेटीचा चौक. इसम पांढऱ्या आखूड केसांचा, बाई की बाप्या कळले नाही. अंगात पिवळाधमक स्वेटर. हॉर्न ऐकला नाही. रस्त्यात उतरून, मागून कुणी हाक मारल्यासारखे थबकले. थोडक्यात वाचले."

"या उकाड्यात स्वेटर?" मी म्हणालो.

"गंमत पुढेच आहे, उस्ताद," चिमटा पान उलटत म्हणाला. "हे आठ दिवसांपूर्वी दुसऱ्या ड्रायव्हरने लिहिलंय. तोच चौक, तोच पिवळा स्वेटर. तेच मागे बघणं."

"असेल कुणीतरी वेडसर."

"मग त्याच्या घरच्यांनी लक्ष द्यायला नको का?" चिमटा म्हणाला, आणि आम्ही दुसऱ्या विषयाकडे वळलो.

२

पाचवी नोंद माझी.

सकाळची वेळ, पत्रपेटीचा चौक. बसमध्ये भट्टी पेटल्यासारखं गरम होत होतं. सगळ्या खिडक्या उघड्या, माझा शर्ट पाठीला चिकटलेला. सिग्नल हिरवा होता. आणि डाव्या बाजूने ते पिवळं काहीतरी रस्त्यात उतरलं.

मी हॉर्न दाबला, ब्रेक दाबला, मागे माणसं एकमेकांवर पडली. बस टेकता टेकता थांबली. समोरचं माणूस अंग वळवून मागे बघत होतं, त्यामुळे मला तोंड दिसलंच नाही. दिसली ती पाठ. पाठीवर मधोमध विणलेली एक जाड वेणी, खालून वर जाताना जरा डावीकडे कललेली. मग त्या माणसाचा डावा हात बसच्या नाकावर टेकला. बाही पिवळी, मनगट मात्र राखाडी. हाताने पत्र्यावर दोनदा थोपटलं, जसं काही बसच घाबरली होती. पुढच्या क्षणी बाजूने एक टेम्पो गेला आणि रस्ता मोकळा झाला.

"मेला का?" मागून चिमट्याने ओरडून विचारलं.

"नाही रे बाबा. गेला."

"कुठे?"

हे मला सांगता येईना. मी सगळं वहीत लिहिलं. अक्षर मात्र असं आलं की साहेबांनाही लागलं नाही.

३

घरी माझी बायको होती, म्हणजे नेहमीसारखं सगळं ठीक होतं.

आमच्या घरात एकच जुना वाद आहे: बहिरं कोण? ती म्हणते मी, मी म्हणतो ती. मी दारातून ओरडून सांगतो, ती म्हणते, "ओरडता कशाला? समोरच आहे मी." मी म्हणतो, "मग उत्तर का देत नाहीस?" ती म्हणते, "दोनदा दिलं!" यावर दोघंही आपलंच खरं मानून जेवायला बसतो.

सकाळी मी निघालो की फाटकापाशी पोचेपर्यंत तिची हाक येते, "अहो!" डबा राहिलेला असतो, नाहीतर चष्मा, नाहीतर रुमाल. कधी काहीच राहिलेलं नसतं, तरी हाक असते. मी परत जातो आणि ती म्हणते, "काही नाही, जा." तिच्यावर चिडायचं मी फार पूर्वी सोडून दिलं. त्या हाकेशिवाय घरातून निघालो तर दिवसभर खिसे चाचपत बसेन.

त्या दिवशी दुपारी घरी आलो तर ती खिडकीशी विणत बसली होती. मांडीवर पिवळीधमक लोकर.

"हे काय?"

"दिसत नाही का? विणकाम."

"कुणासाठी?"

"आहे कुणीतरी," ती हसून म्हणाली. "चौकशा नकोत."

पिवळी लोकर काय, कुणीही आणेल. पण दहा-बारा दिवसांनी पाठ अर्धी झाली आणि तिच्यावर वेणी उमटली. डावीकडे कललेली. अशी वेणी जगात दुसरं कुणी विणत नाही. हिने लहानपणी मोठ्या बहिणीकडून चुकीची शिकून घेतली आणि मग हट्टाने तशीच ठेवली.

गेल्या वर्षीच्या आजारपणात तिने केस आखूड केले होते. ते पूर्ण पांढरे आहेत. मी पंख्याखाली उभा होतो, तरी मला दरदरून घाम फुटला.

४

मी काही भोळा माणूस नाही. स्वतःला समजावलं. जो स्वेटर अजून सुईवर आहे, तो घालून कुणी रस्त्यात कसं उतरेल? उन्हाने डोकं फिरलं असेल. शिवाय मी पाहिलेल्या स्वेटरचं मनगट राखाडी होतं आणि घरात राखाडी लोकरीचा धागासुद्धा नव्हता. याचा मला फार आधार वाटला.

तरी मी बाजाराची कामं स्वतःकडे घेतली. तिची औषधं, दळण, पत्रं, सगळं मीच. "एकाएकी एवढा पुळका?" ती म्हणाली. मी म्हणालो, निवृत्तीची सवय करतोय. तोवर वहीत सहावी नोंद झाली, मग सातवी. स्वेटर मात्र वाढत होता.

मग मी ते केलं, ज्याची मला आजही लाज वाटते.

दुपारी ती तासभर झोपते. मी टोपलीतून विणकाम काढायचो आणि बाहीच्या दहा-पंधरा ओळी उसवायचो. लोकर परत गुंड्यावर गुंडाळायचो, सुया होत्या तशा घालायचो. चौतीस वर्षं स्टिअरिंग धरलेल्या हातांना ते टाके पकडणं जड जायचं. पण स्वेटर पुरा झाला नाही तर तो कुणी घालणार नाही, एवढंच माझ्या डोक्यात होतं. ती समोर पलंगावर तोंड किंचित उघडं टाकून झोपलेली असायची. मी एक ओळ उसवायचो आणि तिचा श्वास ऐकायचो. परत एक ओळ.

शेवटी एक अख्खा गुंडा डब्याच्या पिशवीत घालून डेपोत नेला आणि माझ्या लॉकरमध्ये कोंबला. ही लोकर दुकानात संपलीये हे मी आधीच विचारून आलो होतो.

५

एका दुपारी घरी आलो तर ती विणत नव्हती. टेबलाशी बसून कागदावर काहीतरी लिहीत होती. काल किती ओळी, आज किती. तारखा, आकडे, खाडाखोड. डोळे लाल झाले होते.

"काय झालं गं?"

"काही नाही."

"सांग ना."

"मी काल मनगटापर्यंत आले होते," ती म्हणाली. "आज बघते तर कोपर. आणि एक गुंडा मी कुठेतरी ठेवला, तो मला आठवत नाही. कपाट पाहिलं, पलंगाखाली पाहिलं, डाळीच्या डब्यातसुद्धा पाहिलं. अहो, आईचं असंच सुरू झालं होतं. आधी वस्तू जायला लागल्या, मग माणसं." ती माझ्याकडे बघेना. "तुम्हाला विसरले तर रागवू नका हं माझ्यावर."

मी तिला वाचवायला निघालो होतो. मी खाली बसलो, तिच्या गुडघ्यावर डोकं ठेवलं आणि सगळं सांगून टाकलं. वही, चौक, वेणी, दुपारची उसवाउसवी, लॉकरमधला गुंडा. सगळं.

तिने माझी हनुवटी धरून तोंड वर केलं. मग म्हणाली, "म्हणजे मी विसरत नाहीये?"

"नाही गं. तुझं डोकं शाबूत आहे. माझंच फिरलंय."

तिने माझ्या पाठीत असा धपाटा घातला की शेजारी ऐकू गेला असेल. मग दुसरा. मग ती रडायला लागली, आणि रडता रडता हसायला. मीही.

"मेल्या, तीन महिने मला वेडी ठरवलंत!" ती म्हणाली. चाळीस वर्षांच्या संसारात तिने मला 'मेल्या' म्हटलेलं हे पहिल्यांदाच.

६

डोळे पुसून ती उठली. टोपलीतून स्वेटर काढला आणि माझ्या छातीला लावून बघितला. खांदे बरोबर माझ्या खांद्यांवर बसले.

"हे माझ्या मापाचं वाटलं तुम्हाला? यात माझ्यासारख्या दोघी मावतील."

"मग..."

"तुमच्या निवृत्तीसाठी होता. आयुष्यभर बसून राहिलात, आता चालावं लागेल. तुम्हाला रस्ता ओलांडता येत नाही, हे मला चांगलं माहीत आहे. म्हणून हा भडक रंग. म्हटलं, ड्रायव्हर लोकांना लांबून दिसाल तरी."

मी खुर्चीत बसलो. खरं सांगतो, आखूड पांढरे केस माझेही आहेत, तरी तीन महिन्यांत हा विचार मला एकदाही शिवला नव्हता. ड्रायव्हरच्या डोक्यात रस्त्यात उतरणारा माणूस म्हणजे नेहमी दुसरं कुणीतरी. आपण आपले काचेच्या आत.

"पण त्याला हॉर्न ऐकू येत नव्हता," मी म्हणालो.

ती आत गेली आणि गजराचं घड्याळ घेऊन आली. ते वाजत ठेवून माझ्या उजव्या कानाशी धरलं. कान किटला. मग डाव्या कानाशी धरलं. तिच्या बोटांत घड्याळ थरथरताना दिसत होतं, पण आवाज कुठेतरी दुसऱ्या खोलीत गेल्यासारखा झाला. चौतीस वर्षं इंजिन त्याच बाजूला होतं.

"आता कळलं बहिरं कोण?" ती म्हणाली. एरवी हा विजय तिने आठवडाभर मिरवला असता. आता तिने घड्याळ बंद केलं आणि माझा डावा कान हाताने झाकून उभी राहिली.

"मी तो घालणार नाही," मी म्हणालो. "घडी करून ट्रंकेत टाक."

"किती नोंदी झाल्या?"

"आता नऊ."

"नऊही वेळा वाचलात?"

"थोडक्यात."

"पिवळा दिसला म्हणूनच ना त्यांनी ब्रेक दाबला? मग ट्रंकेत कसा टाकू? स्वेटर नसता, तर तुम्ही त्या दुसऱ्या वहीत गेला असतात. कुलपातल्या."

दुसऱ्या दिवशी लॉकर उघडला तर गुंड्याची दशा झाली होती. डेपोतल्या उंदरांनी त्यात संसार थाटला होता. डाव्या मनगटापुरती लोकर कमी पडली. तिने माझा जुना राखाडी मफलर उसवला आणि त्याचं मनगट विणलं. मी समोर बसून पाहत होतो. थांबव म्हणायला तोंड उघडलं, पण काय कारण सांगणार? राखाडी मनगट मीच करून ठेवलं होतं.

७

थंडी पडली. डेपोत हार झाला, भाषणं झाली, चिमटा रडला. मी घरी बसलो. बाहेर जाताना स्वेटर अंगात असायचाच आणि रस्ता आला की मी तिचा हात घट्ट धरायचो. लोक आम्हाला बघून हसायचे. हसेनात का.

त्या सकाळी तिला बहिणीला पत्र टाकायचं होतं. मी म्हणालो, दुसऱ्या चौकात जाऊ. तिथली पेटी काढून टाकली होती. तिसऱ्या चौकातली गंजून बंद. मग पत्रपेटीच्या चौकात आलो. कडाक्याची थंडी होती, तोंडातून वाफ निघत होती. "इथेच उभे राहा, हलू नका," ती म्हणाली आणि चार पावलं मागे पेटीकडे वळली.

मी उभाच होतो. देवाशपथ उभाच होतो. मग पलीकडचा सिग्नल बदलला, माझ्या शेजारची दोन माणसं निघाली आणि माझे पायही त्यांच्याबरोबर निघाले. त्या दोघांनी मधेच पळ काढला. मी पळालो नाही, कारण पळायचं कशासाठी हे मला ऐकूच आलं नव्हतं.

"अहो!"

मी थबकलो. वळून मागे बघितलं. आणि माझ्या एका वितीवर बस थांबली.

तोल सावरायला हात पुढे गेला तो बसच्या नाकावर टेकला. पत्रा तापलेला होता. हात पोळला, तरी सवयीने मी दोनदा थोपटलं. रोज सकाळी बस काढण्याआधी मी तिला असंच थोपटायचो. मग मान न वळवता डोळ्याच्या कोपऱ्यातून वर बघितलं. थंडीने सगळा रस्ता गारठलेला, आणि या बसच्या झाडून सगळ्या खिडक्या उघड्या होत्या. काचेमागे ड्रायव्हर होता. अर्ध्या बाहीचा शर्ट घामाने भिजलेला, चेहरा पांढराफटक. तो माझ्याकडे बघत नव्हता. माझ्या पाठीकडे, वेणीकडे बघत असावा. त्याची भीती मला चांगली ओळखीची होती.

त्याला सांगावंसं वाटलं, बाबा रे, ती नाही, मी आहे. दुपारी तिची लोकर उसवू नकोस.

तेवढ्यात बाजूने एक टेम्पो गेला.

८

बायकोने मला फुटपाथवर ओढलं आणि पेटीच्या कट्ट्यावर बसवलं. तिचे हात बर्फासारखे झाले होते.

"बरं झालं हाक मारलीस," मी म्हणालो.

"मी कुठे मारली? माझी पाठ होती तुमच्याकडे. ब्रेकच्या आवाजाने वळले."

"तुझाच आवाज होता. 'अहो!' म्हणालीस."

"नाही हो."

आम्ही एकमेकांकडे बघत बसलो. मग तिने हळूच विचारलं, "कुठल्या कानाने ऐकलंत?"

मी हात नेला तो डाव्या कानावर. ज्या कानाला गजर ऐकू आला नव्हता.

दुसऱ्या दिवसापासून तिने नवीनच सुरू केलं. सकाळी मी फिरायला निघालो की ती फाटकापर्यंत येते, माझ्या डाव्या कानाशी तोंड नेते आणि हाक मारते. मला काही ऐकू येत नाही. कानाला नुसता तिचा ऊबदार श्वास लागतो.

"हा काय चावटपणा?" पहिल्यांदा मी विचारलं.

"साठवून ठेवतेय," ती म्हणाली. "लागतील तेव्हा असाव्यात तुमच्यापाशी."

त्यानंतर त्या चौकात तीनदा असंच झालं. तीनदा त्या कानात हाक आली, तीनदा मी थबकलो. प्रत्येक वेळी बसच्या खिडक्या उघड्या होत्या आणि ड्रायव्हर घामाघूम, आमच्याच डेपोतला. दुसऱ्या रस्त्याने जा म्हणाल, तर तेही करून पाहिलं. पाय तिथेच येतात. घरी आलो की आम्ही वहीतल्या नऊमधून एक वजा करतो आणि ती माझ्या हातावर चहा ठेवते. खरं सांगायचं तर एवढं सुखाचं आयुष्य मी नोकरीत असताना कधी जगलो नव्हतो.

९

काल चिमटा घरी आला होता. बायको आत होती. त्याने आवाज खाली केला, मग आठवण झाली आणि उजवीकडे येऊन बसला.

"उस्ताद, तुमचा पिवळा परत आलाय वहीत. दहावी नोंद."

"मागे बघत होता?"

"नाही ना. या वेळी वेगळंच लिहिलंय. मागे बघितलं नाही, थांबला नाही, सरळ चालत राहिला. ड्रायव्हरची पुण्याई, म्हणून वाचला. फारच थोडक्यात."

"आणि स्वेटर?"

"तोच. पण पार विटलेला म्हणे. कोपराला हे एवढं भोक, आतला शर्ट दिसत होता."

चिमटा गेल्यावर मी स्वेटर काढून उजेडात धरला. कोपर धड होतं. एकदा फाटकाच्या कडीला अडकून तिथला एक टाका निघाला होता, तर तिने मला दारातच उभं करून तो तिथल्या तिथे घातला होता. ती असताना मी कोपराला भोक घेऊन घराबाहेर पडेन, हे शक्य नाही.

मी तिला काही सांगितलं नाही.

आज सकाळी ती रोजच्यासारखी फाटकापर्यंत आली. माझी कॉलर सारखी केली, चवड्यांवर उभी राहिली आणि डाव्या कानाशी तोंड नेलं. श्वास लागला. मग समोर येऊन तिने हसत विचारलं, "आली का ऐकू?"

"नाही," मी म्हणालो. "अजून एकदा मार."

तिने मारली.

"अजून एकदा."

"अहो, उशीर होतोय तुम्हाला."

"होऊ दे," मी म्हणालो आणि मान तिच्याकडे झुकवून तसाच उभा राहिलो.